‘बाय नाऊ’ दाबल्यावर गोंडपिपरीचा रुपया जातो कुठे? लोकल खरेदी आणि तुमचा फोन

समजा तुम्ही गोंडपिपरीत राहता आणि फोनचा चार्जर बिघडला. गावातल्या मोबाइलच्या दुकानात तो २५० रुपयांना आहे, ॲपवर २१९ ला. ॲपवरून यायला चार-पाच दिवस लागतील, पण ३१ रुपये वाचतील. बहुतेक जण ॲप उघडतात, आणि त्यात गुन्हा काही नाही.

दिवाळी जवळ आली की मग स्टेटसवर मेसेज फिरायला लागतात: ‘आपल्या गावातच खरेदी करा, आपल्या माणसांना जगवा.’ १२ मे २०२० च्या भाषणात पंतप्रधानांनी ‘व्होकल फॉर लोकल’ म्हटल्यापासून तर हे शब्द सगळ्यांना पाठ झालेत. पण या मेसेजमध्ये खरं किती आणि नुसतं भावनिक किती, हे कोणी सांगत नाही. आज आपण तेच पाहू. रुपया नेमका कुठे जातो, कोणत्या वस्तूवर लोकल खरेदीने फरक पडतो, आणि दुकान फोनवर आणायला तुम्ही काय करू शकता, हे सगळं.

लोकल खरेदी म्हणजे नेमकं काय?

या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. एक म्हणजे गावातल्या दुकानातून घेणं. दुसरी म्हणजे गावात किंवा तालुक्यात तयार झालेली, पिकलेली वस्तू घेणं. गोंडपिपरीच्या दुकानातून घेतलेला चार्जर पहिल्या प्रकारात येतो, दुसऱ्यात नाही. तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या धानाचा तांदूळ दोन्हींत येतो. रुपयाच्या हिशोबात या दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

चार्जरचाच हिशोब करू. (आकडे अंदाजाने घेतलेत, तुमच्या गावात थोडे इकडेतिकडे होतील.) दुकानदाराने तो नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याकडून २०० ला आणला. म्हणजे तुमच्या २५० पैकी २०० गावाबाहेर गेलेच. उरलेल्या ५० मधून दुकानातल्या पोराचा पगार, गाळ्याचं भाडं, लाइट बिल आणि दुकानदाराचं घर. त्यातले समजा ४० गावात फिरतात. ॲपवरून घेतला तर डिलिव्हरी करणारा पोरगा इथलाच असेल तर त्याला एका पार्सलचे थोडे पैसे मिळतात, बाकी सगळं बाहेर. म्हणजे गावाचा तोटा तीसेक रुपये आणि तुमची बचत ३१ रुपये. हिशोब जवळपास बरोबरीत सुटला!

आता १,००० रुपयांचा तांदूळ घ्या. धान तालुक्यातलं, भरडाई जवळच्याच राइस मिलमध्ये, विक्री गावातल्या दुकानात. यात बाहेर जाणारा पैसा म्हणजे खत, बियाणं, डिझेल, पोतं. सातशे-आठशे रुपये आसपासच राहतात. तोच तांदूळ चकचकीत पाकिटात ॲपवरून मागवला तर इथे जवळपास काही राहत नाही. म्हणून माझं मत सरळ आहे: चार्जरवरून कोणाशी वाद घालू नका, तांदळावरून घाला.

एकच रुपया अनेकदा कसा खर्च होतो?

याला अर्थशास्त्रात ‘मल्टिप्लायर’ म्हणतात. तुम्ही शेतकऱ्याला १०० रुपये दिले. त्याने त्यातले ६० गावातच खर्च केले, न्हाव्याकडे, किराण्यात, टेलरकडे. त्यांनी त्या ६० मधले ३६ पुन्हा गावात खर्च केले. पुढे २१.६०, मग १२.९६. ही सगळी बेरीज २५० वर जाऊन थांबते. म्हणजे एका १०० च्या नोटेने गावात २५० चे व्यवहार झाले. हेच प्रमाण ६० ऐवजी २० टक्के असेल, तर बेरीज १२५ वरच अडकते.

लंडनच्या ‘न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशन’ने हे मोजायची एक सोपी पद्धत काढली, ‘एलएम थ्री’ नावाची. पैशाच्या पहिल्या तीनच फेऱ्या मोजायच्या. कारण बहुतेक पैसा तेवढ्यातच गळून जातो. गावाकडे ते भोकं पडलेल्या बादलीसारखं पाहतात. बादलीत पाणी किती ओतलं यापेक्षा भोकं किती आहेत यावर सगळं ठरतं. गोंडपिपरीत पैसा येत नाही असं नाही. धानाचा येतो, तेंदूपत्त्याचा येतो, पगारांचा येतो, सरकारी योजनांचा येतो. प्रश्न तो टिकतो किती वेळ हा आहे.

टॅक्सचा मुद्दा: इथे बहुतेक मेसेज चुकतात

‘ऑनलाइन घेतलं की आपला टॅक्स दुसऱ्या राज्यात जातो’ हे तुम्ही वाचलं असेल. हे चुकीचं आहे. जीएसटी जिथे वस्तू वापरली जाते त्या राज्याला मिळतो. बंगळुरूच्या विक्रेत्याकडून गोंडपिपरीच्या पत्त्यावर मागवलं तर बिलावर आयजीएसटी लागतो, पण त्यातला राज्याचा वाटा महाराष्ट्रालाच येतो. गावातल्या दुकानातून घेतलं तर बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी दिसतो. नाव वेगळं, राज्याला मिळणारा वाटा तोच. शिवाय ज्या दुकानाची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत आहे, त्याला वस्तू विकताना जीएसटी नोंदणीची सक्तीच नाही.

पूर्वी जकात होती तेव्हा गावात येणाऱ्या मालावर थेट स्थानिक संस्थेला पैसा मिळायचा. ते दिवस गेले. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर मुंबईतलीही जकात बंद झाली. आता नगरपंचायतीला मिळतं ते घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं, बाजाराची पावती यातून. म्हणजे दुकानं चालली तर गाळे भरलेले राहतात, आणि आठवडी बाजार भरला तर पावत्या फाटतात. मुद्दा एवढाच आहे, त्याला उगाच देशभक्तीचा रंग देऊ नका.

याच तालुक्यात हे घडून गेलंय

वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या मधला हा तालुका. त्यातलं पाचगाव हे छोटं, मुख्यतः गोंड वस्तीचं गाव. जंगल अंगणाला लागून, पण बांबूवर हक्क गावाचा नव्हता. बांबू कागद कारखान्यांकडे जायचा, गावाच्या हातात फार तर तोडाईची मजुरी. लोक कामाला बाहेर जायचे.

वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये पाचगावला सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मग ग्रामसभेने स्वतः बांबू विकायला सुरुवात केली. किती तोडायचा, कोणाला विकायचा, मजुरी किती, हे सगळं ग्रामसभा ठरवते. मजुरी गावात राहिली आणि नफासुद्धा ग्रामसभेच्या खात्यात राहिला. तेंदूपत्त्याची तोड तर त्यांनी स्वतःहून बंद केली, कारण त्यासाठी झाडं छाटावी लागतात आणि आगी लावल्या जातात. मिलिंद बोकील यांचं ‘कहाणी पाचगावची’ हे पुस्तक याच गावावर आहे. त्याआधी गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २०११ मध्ये बांबू विकण्यासाठीचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती मिळाले होते, पाचगाव त्याच वाटेने पुढे गेलं.

आता लक्षात घ्या, पाचगावने बांबू गावातच विकला असं नाही. तो बाहेरच्या व्यापाऱ्यांनाच विकला. बदललं काय, तर विक्रीचा निर्णय आणि नफा कोणाच्या हातात आहे ते. लोकल खरेदीचा खरा अर्थ मला इथे जास्त स्पष्ट दिसतो. माल बाहेर गेला तरी चालेल, पैसा घरी यायला पाहिजे.

याच्या उलट गोष्टही आपल्याच जिल्ह्यातली आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. थोडीशी शेती, शिक्षण जेमतेम. १९८३ मध्ये त्यांना ‘पटेल ३’ वाणाच्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, वाढवल्या. त्यातून जो बारीक, चवदार तांदूळ निघाला त्याला त्या काळी गाजलेल्या घड्याळावरून नाव पडलं, ‘एचएमटी’. वाण देशभर पोचला. पुरस्कार आले, कौतुक झालं. पण विक्रीच्या पैशातला फारसा वाटा त्यांच्या घरात आला नाही. २०१८ मध्ये ते गेले. आज ॲपवर ‘एचएमटी राइस’ शोधा, पानभर ब्रँड दिसतील. पाकिटाच्या फोटोवर मागच्या बाजूला ‘पॅक्ड बाय’चा पत्ता झूम करून बघा. आपल्या जिल्ह्याचा आहे का?

अडचण अशी की दुकान फोनवर दिसतच नाही

तरुण मुलं गावातून घेत नाहीत याचं कारण प्रत्येक वेळी किंमत नसतं. रात्री अकराला काही हवं असलं की हात फोनकडे जातो, आणि फोनवर गावातलं दुकान नसतं. कोणाकडे काय आहे, कितीला आहे, उघडं आहे का, काहीच कळत नाही. मग ५० किलोमीटरवरच्या चंद्रपूरला चक्कर नाहीतर ॲप. हे मात्र तुम्ही बदलू शकता, एका दुपारात.

सुरुवात ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’पासून करा. हे पूर्वी ‘गूगल माय बिझनेस’ होतं, २०२१ मध्ये नाव बदललं. पूर्ण फुकट आहे. कोणी ‘तुमचं दुकान मॅपवर टाकून देतो, दोन हजार द्या’ असा फोन केला तर सरळ नाही म्हणा. दुकानदाराच्या स्वतःच्या जीमेलने लॉगिन करा, तुमच्या नाही! उद्या तुम्ही शिकायला नागपूरला गेलात तर प्रोफाइल तुमच्याबरोबर जायला नको. दुकानाचं नाव पाटीवर आहे तसंच लिहा, त्यात ‘बेस्ट’, ‘स्वस्त’ असले शब्द घुसवू नका, गूगल प्रोफाइल बंद करतं. गोंडपिपरीचं इंग्रजी स्पेलिंग लोक तीन-चार प्रकारे करतात, कोणी पिपरी तर कोणी पिंपरी. म्हणून पत्त्यावर विसंबू नका, मॅपवरची पिन बोटाने सरकवून बरोबर दारासमोर आणा.

मग येतं व्हेरिफिकेशन. आजकाल बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. न थांबता एकाच शॉटमध्ये रस्ता, आजूबाजूची दुकानं, पाटी, आतला माल आणि दुकान तुमचंच आहे हे दाखवणारं काहीतरी, जसं कुलूप उघडणं किंवा गल्ला, असं शूट करा. नेट स्लो असेल तर अपलोड अर्ध्यात तुटतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. पहाटे किंवा रात्री उशिरा करून बघा. शेवटी वेळ आणि सुट्टीचा दिवस नक्की भरा. ‘उघडं आहे’ असं वाचून माणूस दहा किलोमीटरवरून आला आणि शटर बंद, तर तो पुन्हा कधी येणार नाही.

दुसरं म्हणजे व्हॉट्सॲप बिझनेस. हे वेगळं ॲप आहे, २०१८ पासून आहे, आणि छोट्या दुकानांना फुकट आहे. एकच नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेसवर एकाच वेळी चालत नाही, त्यामुळे दुकानासाठी दुसरं सिम घ्या किंवा जुनाच नंबर बॅकअप घेऊन बिझनेसवर हलवा. यात ‘कॅटलॉग’ असतो. वस्तूचा फोटो, किंमत, दोन ओळी. सगळं दुकान त्यात टाकायच्या भानगडीत पडू नका. किराणा दुकानाच्या हजार वस्तूंचे भाव रोज कोण बदलणार? वीस-तीसच टाका, त्याही इथल्याच: तांदूळ, तूर, मोहफुलं, मध, बांबूच्या टोपल्या आणि सूप, बचत गटाचे पापड-लोणचे.

आणि ब्रॉडकास्टची एक गंमत. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ लोक घेता येतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. ‘मेसेज टाकला, पण कोणाचंच उत्तर नाही’ ही तक्रार नव्वद टक्के वेळा इथेच असते. काउंटरवर पाटी लावा: ‘नंबर सेव्ह करा, ताज्या मालाची खबर मिळेल.’

नेटवर्क नसताना पैसे कसे द्यायचे?

यूपीआय २०१६ मध्ये आलं. बँक खात्यातून थेट यूपीआय केलं तर दुकानदाराला त्यावर कमिशन लागत नाही, जानेवारी २०२० पासून हा दर शून्य आहे. म्हणजे ‘यूपीआयने दिलं तर मला कापतं’ असं कोणी म्हटलं तर बहुतेक ते साउंडबॉक्सच्या महिन्याच्या भाड्याबद्दल बोलत असतात. ते भाडं वेगळं. क्रेडिट कार्ड किंवा वॉलेटमधून मोठी रक्कम दिली तर मात्र शुल्क लागू शकतं, म्हणून छोट्या दुकानात खात्यातूनच द्या.

जंगलाच्या भागात खरी डोकेदुखी नेटवर्कची. ‘यूपीआय लाइट’ सुरू करून ठेवा. एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिन न टाकता जातात, आणि लाइटमध्ये ५,००० पर्यंत ठेवता येतात. बँकेचा सर्व्हर अडला तरी हे चालून जातं, पण थोडं तरी इंटरनेट लागतंच. इंटरनेट अजिबात नसेल तर डायलरवर *९९# लावा. साध्या मेन्यूत आकडे दाबत पैसे पाठवता येतात, ५,००० पर्यंत. हे प्रत्येक सिमवर चालतंच असं नाही, म्हणून घरी एकदा दहा रुपये पाठवून तपासा. आजीकडे बटणाचा फोन असेल तर २०२२ मध्ये आलेलं ‘यूपीआय १२३पे’ आहे, कॉल करून पैसे देता येतात.

दुकानदारांसाठी एकच सूचना: ग्राहकाने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पेमेंट नव्हे. साउंडबॉक्स बोलला किंवा बँकेचा मेसेज आला, तरच माल द्या. आणि पैसे घ्यायला कधीच पिन लागत नाही.

ओएनडीसीचा इथे काही उपयोग?

ओएनडीसी हे ॲप नाही, नेटवर्क आहे. जसं तुमचं यूपीआय ॲप वेगळं आणि दुकानदाराचं वेगळं असूनही पैसे जातात, तसंच इथे विकणाऱ्याचं ॲप वेगळं, घेणाऱ्याचं वेगळं, ऑर्डर तरीही जुळते. केंद्र सरकारच्या पुढाकाराने २०२१ च्या शेवटी कंपनी झाली, २०२२ मध्ये पाच शहरांत चाचणी सुरू झाली. कल्पना चांगली आहे. पण तालुक्याच्या गावात कोण डिलिव्हरी देणार, हा प्रश्न कल्पनेने सुटत नाही. तुमचा पिनकोड टाकून पहा, काय दिसतं ते पहा. गावातल्या गावात विकायला आज तरी व्हॉट्सॲप पुरेसं आहे.

बाहेर विकायला मात्र या गोष्टी उपयोगाच्या. पूर्वी ऑनलाइन विकायचं म्हणजे उलढाल कितीही असो, जीएसटी नंबर लागायचाच. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेच्या आतल्या छोट्या विक्रेत्यांना राज्यातल्या राज्यात वस्तू ऑनलाइन विकायला नोंदणीची सक्ती नाही, पोर्टलवर फक्त एक एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो. म्हणजे इथला बचत गट पुण्याला मध पाठवू शकतो. नदीपलीकडे तेलंगणात ऑनलाइन विकायचं तर मात्र नोंदणी हवी, मग ते गाव पुण्यापेक्षा कितीही जवळ असो! खाण्याच्या वस्तूंना एफएसएसएआयची नोंदणी वेगळी लागते, ती विसरू नका.

काही नेहमीचे प्रश्न

दुकानदार एमआरपीच्या वर घेतो, तरी लोकलच घ्यायचं का?

नाही. पाकिटावरच्या किमतीपेक्षा जास्त घेणं बेकायदा आहे, दुकान आपलं असो की परकं. आधी बोला, नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. ‘लोकल’ म्हणून फसवणूक सहन करायची असा अर्थ नाही.

पुस्तकं, स्पर्धा परीक्षेचं साहित्य, लॅपटॉपचे पार्ट गावात मिळतच नाहीत.

मग ऑनलाइन घ्या. एकदा दुकानदाराला विचारून मात्र बघा, ‘भाऊ, मागवून देता का?’ तीन-चार मुलांनी एकच पुस्तक मागितलं तर तो पुढच्या खेपेला चंद्रपूरहून आणतो, आणि बिघडलेलं असलं तर बदलून द्यायला समोर माणूस असतो.

ॲपवर विकणारा कुठला आहे हे कळतं का?

कळतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याची माहिती दाखवावी लागते. वस्तूच्या पानावर ‘सोल्ड बाय’वर टॅप करा. कधीकधी तो विक्रेता नागपूरचाच निघतो.

आमच्या गावात दुकानच एक आहे, तिथे भाव जास्तच असतात.

खरं आहे. कमी गिऱ्हाईक, माल आणायचा खर्च जास्त, म्हणून भाव जास्त. तुम्ही चार-पाच घरांनी महिन्याचा किराणा एकत्र लिहून व्हॉट्सॲपवर दिला तर दुकानदाराला ठोकात आणता येतं आणि तो भाव उतरवू शकतो. यादी महिन्याच्या २५ तारखेच्या आत पाठवा, म्हणजे त्याच्या पुढच्या गाडीत माल बसेल.